१०० वॉटचं पॅनल चार तासांत बॅटरी भरत नाही

आषाढी जवळ आली की आमच्या दिंडीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरायला लागतो. त्यातला दावा असा: १०० वॉटचं घडीचं सोलर पॅनल घ्या, चिमटे थेट १०० एएचच्या (ॲम्पिअर-तासांच्या) लिथियम बॅटरीला लावा, चार-पाच तासांत बॅटरी फुल. आत बीएमएस, म्हणजे बॅटरीला जपणारं सर्किट, असतोच, मग चार्ज कंट्रोलरवर (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग आवरणाऱ्या डबीवर) पैसे कशाला घालवायचे? आणि ढग असले तरी चालतं.

दिंडीत आम्ही ४५ जण, निम्मे साठीच्या पुढचे. रात्री घरच्यांशी फोनवर एकदा बोलणं झालं की त्यांना झोप लागते. वर्गणीतून हा संच घ्यायचं जवळपास ठरलंच होतं, म्हणून आधी उसना आणून गच्चीवर तपासला.

चार-पाच तासांचं गणित कागदावरच कोसळतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी १२.८ व्होल्टची, गुणिले १०० म्हणजे १२८० वॉट-तास. पॅनलने अखंड पूर्ण १०० वॉट दिले तरी जवळपास १३ तास लागतील. आणि ते १०० वॉट प्रयोगशाळेतले, पॅनलच्या सेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेले. वैशाखातल्या दुपारी बारा वाजता माझ्या पॅनलची पाठ ६३ अंशांवर होती, हात टेकवत नव्हता. सेल तापला की व्होल्टेज उतरतं. थेट जोडणीत मीटरवर १३.३ व्होल्ट आणि ५.१ ॲम्पिअर दिसले, म्हणजे जेमतेम ६८ वॉट. पॅनल १८ व्होल्टच्या आसपास सगळ्यात जास्त काम करतं, पण थेट जोडलं की बॅटरी त्याला आपल्या व्होल्टेजवर ओढून आणते. पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवरच चालू ठेवणारा एमपीपीटी कंट्रोलर लावल्यावर त्याच उन्हात ७९ वॉट मिळाले. पॅनल सूर्याकडे फिरवत राहून दिवसभरात ४१० वॉट-तास जमले. बॅटरी भरायला तीन दिवसांहून जास्त.

खरा धोका ‘बीएमएस आहेच’ या वाक्यात आहे. बीएमएस हा चार्जर नव्हे, शेवटचा अडसर आहे. बॅटरीतल्या चारपैकी एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या वर जायला लागला की बीएमएस चार्जिंग तोडतो. तोवर मीटरवर सगळं आलबेल दिसतं, म्हणून व्हिडिओतही काही बिघडत नाही. पण चार्जिंग तुटलं की पॅनलला आवरणारं कोणी उरत नाही आणि त्याचं व्होल्टेज थेट २१-२२ वर जातं. त्याच तारांवर मी १२ व्होल्टचा एलईडी दिवा ठेवला होता. तो एकदम प्रखर झाला आणि करपल्याचा वास आला. तिथे एखाद्या माउलीचा फोन असता तर?

कंट्रोलर घेतानाही त्यात लिथियमची सेटिंग आहे का ते बघा, १४.४ व्होल्टच्या आसपास थांबणारा हवा. जुन्या लेड-ॲसिडच्या सेटिंगमध्ये काही कंट्रोलर मधूनमधून १५ व्होल्टच्या जवळ नेतात. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना उलट.

ढगांबद्दल थोडक्यात: गेल्या आषाढात, दिवसभर आभाळ भरलेलं असताना, याच आकाराच्या पॅनलने ७० वॉट-तास दिले. एक फोन पूर्ण भरायला नुकसान धरून साधारण २५ लागतात. म्हणजे तीनसुद्धा फोन नाहीत! चांगल्या उन्हात मात्र सोळा होतात, तेवढ्यापुरता व्हिडिओ खोटा नाही. पॅनलवर ट्रकच्या दोरीची सावली जरी पडली तरी ॲम्पिअर किती उतरतात ते एकदा मीटर लावून बघाच.

यंदा पॅनल ट्रकच्या टपावर असेल, कंट्रोलरसकट. पण बॅटरी निघतानाच घरच्या लाइटवर पूर्ण भरून घेणार आहोत, आणि मुक्कामाच्या गावात शाळेत किंवा देवळात प्लग मिळाला की पहिला चार्जर तिचाच लागेल.