टॉवेलवर निर्बंध नव्हते, साहेब (एका प्रतिक्रियेला उत्तर)

इराणवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली एका वाचकांनी भली मोठी प्रतिक्रिया टाकलीय. नाव दिलेलं नाही, म्हणून मी आपलं साहेबच म्हणतो. खालीच उत्तर लिहायला घेतलं होतं पण ते वाढत गेलं, मग वेगळंच टाकतोय. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मी म्हटलं होतं की इराणला बॉम्बपासून लांब ठेवायचं काम निर्बंधांनी झालं नाही, विमानं पाठवूनही झालं नाही, जेवढं झालं ते करार करून आणि तपासनीस आत बसवून झालं. साहेबांच्या मते हा भाबडेपणा आहे. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, निर्बंध होते म्हणूनच इराण टेबलावर आला. करारातल्या मुदती संपल्या की तो मोकळाच होणार होता. क्षेपणास्त्रं आणि हिजबुल्लावर (लेबनॉनमधली इराणच्या पाठिंब्याची सशस्त्र संघटना) मी गप्प का? कराराचं सालसुद्धा मला धड माहीत नाही. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं देतोय: "चादरीच्या गावात बसून तेहरानच्या गप्पा मारायला काय जातंय, झळ कुठं लागतीय तुम्हाला?"

आधी माझी चूक. मी "२०१६ चा करार" लिहिलं होतं, ते चुकलंच. इराणनं अणुकार्यक्रमाला मर्यादा घालायच्या आणि बदल्यात निर्बंध उठवायचे, असा अमेरिका नि इतर देशांबरोबरचा हा करार व्हिएन्नाला झाला १४ जुलै २०१५ ला, १६ जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला, माझ्या डोक्यात ती दुसरी तारीख होती. दुरुस्त केलंय. चूक दाखवली त्याबद्दल आभार, मनापासून. पण एका सालावरून "अभ्यास नसताना लिहू नये" असं म्हणणं बरोबर नाही, आणि ते ज्या भाषेत म्हटलंय ती तर अजिबात नाही. मी बारा वर्षं इथं लिहितोय, कधी कुणाला एकेरीवर आलो नाही की कुणाचं गाव काढलं नाही.

आता ते वाक्य.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, मी आणि धाकटा भाऊ मिळून बघतो. सोळा माग, टेरी टॉवेलचे. आमचा माल थेट परदेशी जात नाही, मुंबईचा एक व्यापारी उचलतो, तो दुबईच्या व्यापाऱ्याला देतो, पुढं कुठं जातं ते आम्हाला सहसा कळतही नाही. २०११ च्या शेवटी मात्र कळलं, कारण ऑर्डरीत टॉवेलच्या बॉर्डरवर दुकानाचं नाव विणून द्यायचं होतं आणि ते नाव फारसीत होतं. शेजारच्या शेडमधल्या चाचांना उर्दू येतं, त्यांनी कागद उजेडात धरून वाचून सांगितलं, हे बंदर अब्बासचं, म्हंजे इराणच्या बंदराच्या शहरातलं दुकान आहे म्हणून. डिझाइन बसवायला आठ दिवस गेले, अक्षरं उलटी येत होती, जॉबर वैतागला होता. पण पहिला लॉट उतरला तेव्हा पांढऱ्या टॉवेलवर ती निळी अक्षरं इतकी देखणी दिसत होती की भावानं एक टॉवेल घरी आणून आईला दाखवला.

अर्धा माल गेला, अर्धा विणून तयार होता. आणि मार्च २०१२ मध्ये इराणच्या बँका स्विफ्टमधनं काढल्या. स्विफ्ट म्हंजे बँका एकमेकींना पैशाचे निरोप ज्यावरनं देतात ती व्यवस्था, तीच तोडली की कुणाकडं पैसा असूनही तो देता येत नाही. दुबईवाला म्हणाला समोरची पार्टी रियाल द्यायला तयार आहे पण घेणार कोण. मग ऑक्टोबरात रियालच कोसळला, काही दिवसांत, आणि त्या दुकानदाराकडं जे काही होतं त्याचंही पाणी झालं. मुंबईवाला म्हणाला मला आले की तुला देतो. त्याची बँक म्हणाली कागदावर बंदर अब्बास दिसतंय, आम्ही हात लावणार नाही.

टॉवेलवर निर्बंध नव्हते साहेब. हे मला तुम्हाला ओरडून सांगायचंय. कुठल्याही यादीत टॉवेल नव्हता. निर्बंध होते बँकांवर, तेलावर, जहाजांच्या विम्यावर, अणुकार्यक्रमाच्या सामानावर. पण बँकेचा माणूस यादी वाचत बसत नाही, त्याला अमेरिकेच्या दंडाची भीती, तो "इराण" शब्द दिसला की फाईल बाजूला सारतो. आमचे अकरा लाख अडकले, त्यातले चार लाख तीन वर्षांनी आले, बाकीचे गेले ते गेलेच. तयार पडलेला माल इथं विकता येईना, बॉर्डरवर फारसी अक्षरं, सोलापुरात कोण घेणार? पाच माग चार महिने बंद. सूतवाल्याची उधारी अंगावर. कांड्या भरायला एक मावशी यायच्या, त्यांना नाही म्हणावं लागलं, त्या परत विड्या वळायला गेल्या. शेवटच्या शनिवारी पगार घेताना त्यांनी विचारलेलं माझ्या कानात अजून आहे, "इराण म्हंजे कुठं ओ मालक? आपलं काय भांडण हाय तिथं?" मला उत्तर देता आलं नाही.

तर झळ कुठं लागतीय ते हे असं. आणि "चादरीचं गाव" हे तुम्ही हिणवायला लिहिलंय ते कळतंय मला. या चादरीच्या गावावर मे १९३० ला इंग्रजांनी मार्शल लॉ लावला होता, पुढं १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. सगळं गाव आवळलं म्हणून गाव इंग्रजांच्या बाजूला गेलं नाही, उलट झालं. बाहेरच्यानं पिळलं की लोक काय करतात हे शिकायला मला तेहरानला जायची गरज नाही, चार हुतात्मा चौकातनं मी रोज जातो.

पण माझे अकरा लाख म्हंजे काहीच नाही हेही मला माहितीय. खरी झळ तिथल्या माणसाला. औषधं कागदावर निर्बंधातनं वगळलेली होती, अगदी आमच्या टॉवेलसारखीच, आणि पैसे पाठवायला बँक तयार नाही म्हणून हिमोफिलियाच्या, थॅलेसेमियाच्या पेशंटला औषध मिळेना. त्या पोराच्या आईनं युरेनियम बघितलं तरी असंल का? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आता तुमचं नाक आणि तोंड. ही म्हण मलाही माहितीय, पण ती लागू पडायची तर नाक आणि तोंड एकाच माणसाचं पाहिजे. इथं नाक दाबलं दुकानदाराचं, पेशंटचं, मावशींचं, आणि तोंड उघडायचं होतं वर बसलेल्यांनी. त्यांचा श्वास कुठं अडला होता? २००३ च्या सुमारास इराणकडं दोनशेच्या आत सेंट्रीफ्यूज होते, युरेनियम शुद्ध करायची ती फिरणारी नळकांडी. त्यानंतर सुरक्षा परिषदेचे निर्बंध आले २००६ ला, आणखी कडक आले २०१० ला, तेल आणि बँका बंद झाल्या २०१२ ला, आणि २०१३ पर्यंत सेंट्रीफ्यूज झाले १९ हजारांच्या घरात. आवळत गेले आणि आकडा वाढत गेला. तेलाचा पैसा आटला म्हणून त्यांच्यावर दडपण आलं, एवढं मी मान्य करतो, नाही म्हणत नाही. पण नुसत्या दडपणानं काही झालं नाही, ओमानमध्ये गुपचूप बोलणी झाली, थोडं शुद्धीकरण तुमच्याकडं राहू दे असं अमेरिकेनं पहिल्यांदा मान्य केलं, तेव्हा गाडी पुढं सरकली.

आणि सरकली तेव्हा काय झालं ते बघा ना, याच्यावर तुम्ही एक ओळ लिहिलेली नाही. ११ टनांवर युरेनियम जहाजात घालून रशियाला गेलं. १९ हजारांतले सहा हजारांच्या आसपास सेंट्रीफ्यूज ठेवले, बाकी काढून सीलबंद. अराकच्या अणुभट्टीचा गाभा काढून त्यात काँक्रीट ओतलं. शुद्धीकरण ३.६७ टक्क्यांच्या वर नाही, साठा ३०० किलोच्या वर नाही, आणि हे मोजायला आयएईएची, म्हंजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची माणसं आत, कॅमेरे, सील सगळं. त्यांचे अहवालामागून अहवाल येत होते की इराण पाळतोय. म्हंजे तोंड उघडलं, शब्द दिला, शब्द पाळलाही. तरी ८ मे २०१८ ला ट्रम्पनी करार सोडला आणि परत नाक दाबलं. बोललं तरी दाबणार, नाही बोललं तरी दाबणार, मग पुढचा माणूस कशासाठी बोलंल? आमच्या बाजारात सुद्धा पैसे घेऊन माल न देणाऱ्याशी कुणी दुसरा सौदा करत नाही. पुढचं वर्षभर इराण थांबला, मग एकेक मर्यादा मोडायला लागला, एप्रिल २०२१ ला ६० टक्क्यांवर गेला. बॉम्बला साधारण ९० लागतं. हे निर्बंधांच्या काळातलं आहे, कराराच्या काळातलं नाही.

"मग आपण १९९८ ला काय केलं" हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं, आता लिहितो. पोखरणनंतर आपल्यावर निर्बंध लागले तेव्हा सोलापुरात चौकाचौकात पेढे वाटले होते, मी स्वतः खाल्लेत. कुणी म्हणालं का की आता घाबरून बॉम्ब सोडून देऊ? आपले जसवंत सिंग आणि अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टॅलबॉट १४ वेळा भेटले, देशोदेशी जाऊन बोलत बसले, आणि २००१ मध्ये बहुतेक निर्बंध उठले. तुम्ही म्हणाल इराणनं एनपीटीवर, म्हंजे अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केलीय, आपण केली नव्हती. बरोबर आहे, कायद्यानं मोठा फरक आहे तो, आणि नतान्झ, फोर्दो ही शुद्धीकरणाची ठिकाणं त्यांनी लपवून ठेवली होती हेही खरं. पण मी कायद्याचं बोलत नाहीये, माणसाच्या स्वभावाचं बोलतोय. आपला कणा ताठ तो स्वाभिमान आणि त्यांचा ताठ तो माज, असं कसं?

युद्धाबद्दल तुमचं एकच वाक्य आहे, "जून २०२५ ला एकदाचं उरकलं, बारा दिवसांत." काय उरकलं? मस्कतला अमेरिका आणि इराणच्या बोलण्याची सहावी फेरी ठरली होती रविवारी, १५ जूनला. शुक्रवारी १३ ला इस्रायलनं हल्ला केला. २२ ला अमेरिकेनं फोर्दो, नतान्झ, इस्फहानवर बॉम्ब टाकले. हल्ल्याच्या दिवशी इराणकडं ६० टक्क्यांचं ४४० किलोच्या आसपास युरेनियम होतं हा आयएईएचाच हिशोब, आणि हल्ल्यानंतर तपासनिसांना त्या साठ्यापर्यंत जाताच येईना. आधी निदान किलोवर मोजलेलं होतं. गोदामाला आग लावून स्टॉक कसा मोजणार? १९८१ ला सुद्धा असंच झालं होतं, ७ जूनला इस्रायलनं इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली, सुरक्षा परिषदेनं त्याचा निषेध केला, आणि सद्दामनं त्यानंतरच जास्त माणसं नि जास्त पैसा लावून गुपचूप काम सुरू केलं. ते मोडलं १९९१ नंतर, तपासनिसांनी खोलीखोलीत जाऊन. आणि २००३ ला त्याच तपासनिसांचं न ऐकता इराकवर चाल केली, सापडलं काय? काही नाही. लाखावर माणसं मेली. "उरकलं" हा शब्द तुम्ही वापरलाय म्हणून बोलतो, ही लग्नाची पंगत नाही साहेब, उरकायला. तुमची प्रतिक्रिया रात्री दोनला टाकलेली दिसतीय, पंख्याखाली बसून दुसऱ्याच्या शहरावर बॉम्ब टाकायला काय जातंय, हे मग मी विचारू का?

हिजबुल्ला, क्षेपणास्त्रं हे वेगळे विषय आहेत, ते या कराराचे विषयच नव्हते, त्यावर कधी तरी लिहीन. मुदतींचं म्हणाल तर बऱ्याच करारांना मुदत असते, मुदत संपायच्या आधी नवा करायचा असतो. "आयातुल्लांची वकिली" हा आरोप तर मी वाचून सोडून दिलाय. हिजाबवरून पकडल्यावर पोलिसांच्या ताब्यात मेलेल्या महसा अमिनीसाठी २०२२ ला ज्या पोरी रस्त्यावर आल्या त्यांच्याबद्दल मी याच ठिकाणी दोनदा लिहिलंय, शोधा, सापडंल. त्याच पोरींच्या घरातल्या पगाराला निर्बंधांनी किंमत उरलेली नाही, म्हणून तर जीव तुटतो.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, तशीच राहील, ते वाक्य पण राहील. कधी सोलापूरला आलात तर अक्कलकोट रोडला या, चहा होईल. आमच्या गोदामात वरच्या फळीवर त्या मालातला एक गठ्ठा अजून आहे, प्लास्टिक पिवळं पडलंय पण अक्षरं तशीच निळी आहेत. तो दुकानदार बंदर अब्बासला अजून दुकान चालवतोय का, आहे का नाही, दुबईवाल्याला मी जून महिन्यात फोन करून विचारलं होतं. तो म्हणाला, त्याचा नंबर लागत नाहीये.