चूक त्यांची, भुर्दंड माझा

‘तांत्रिक चुकीमुळे दर चुकीचा दर्शवला गेल्याने आपले बुकिंग रद्द करण्यात आले आहे.’

करण्यात आले आहे! म्हणजे कोणी केलं नाही हो, आपोआप झालं. पाऊस पडावा तसं. मंगळवारी दुपारी ऑफिसात डबा खाताना हा मेल आला आणि हातातली पोळी हातातच राहिली.

आईची पंचाहत्तरी डिसेंबरात. भाऊबीजेच्या संध्याकाळी सगळी भावंडं एकत्र होती, फराळाची ताटं अजून उचलायची होती, आणि तिथेच ठरलं की सगळ्यांनी तारकर्लीला जायचं. अकरा माणसं, चार खोल्या, 26 डिसेंबरपासून तीन रात्री. एका मोठ्या बुकिंग साइटवर खोली मिळाली 2,900 रुपयांना. चार खोल्या, तीन रात्री, 34,800 रुपये. भावाने चष्मा लावून दोनदा गुणाकार केला. मी कार्ड काढलं, ओटीपी टाकला, पैसे त्याच क्षणी कापले गेले आणि ‘अभिनंदन! आपले बुकिंग निश्चित झाले आहे’ असा हिरवा टिकमार्क आला. त्या भरवशावर तीन दिवसांनी, बरोबर 60 दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला दोन मोबाइल आणि एक लॅपटॉप घेऊन आम्ही कोकणकन्येची अकरा तिकिटं काढली. नाताळात कोकणकन्येची थर्ड एसीची अकरा कन्फर्म तिकिटं! ज्यांनी कधी काढली असतील त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते.

आणि 19 दिवसांनी यांना चूक सापडली. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. 19 दिवस माझे 34,800 रुपये खिशात घालून बसल्यावर, नाताळची गर्दी सुरू झाल्यावर, आजूबाजूच्या खोल्या भरल्यावर. मेल वाचून मी पहिलं काम काय केलं असेल? तीच साइट, त्याच तारखा, तीच खोली. उपलब्ध होती. 7,400 रुपये. खालचा फोटोही तोच, खिडकीतून दिसणाऱ्या त्याच माडाचा.

आता कोणी शहाणा म्हणेल, अहो, चूक कोणाचीही होते. होते ना. माझीही झाली होती. दोन वर्षांपूर्वी याच साइटवर 21 तारखेऐवजी 12 तारीख दाबली गेली. दहा मिनिटांत फोन केला, हात जोडले, म्हटलं तारीख तेवढी बदला. ‘सॉरी मॅम, नॉन-रिफंडेबल आहे.’ 3,600 रुपये गेले ते गेले. तेव्हा माझं बोट घसरलं ती माझी जबाबदारी होती. आज यांचं बोट घसरलं तर ती ‘तांत्रिक चूक’, आणि तीही माझीच जबाबदारी. आणि यांची चूक दरवेळी दर कमी लावण्याचीच बरी निघते? ‘मॅडम, चुकून 2,000 जास्त घेतले होते, परत करतोय’ असा मेल आजवर एकालाही आला असेल तर मला दाखवा, मी फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावते.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. साइट म्हणते, दर हॉटेलवाल्याने भरला, आम्ही फक्त मध्यस्थ. हॉटेलात फोन केला तर तिथला माणूस बिचारा गोड आवाजात सांगतो, ‘आमका काय एक म्हायत नाय ओ ताई, सगळा त्या बुकिंगवाल्यांचा. तुम्ही आधी आमका फोन करूक व्हयो होतो.’ म्हणजे साइटवर पैसे भरले ही माझी तिसरी चूक. पुन्हा चॅटवर गेले. तिथे मराठीचा पर्याय निवडला, म्हटलं निदान भांडण तरी आपल्या भाषेत होईल. उत्तर आलं: ‘आम्ही तुमच्या निराशेचे कौतुक करतो.’ तीन वेळा! माझ्या निराशेचं कौतुक! करा, करा, तेवढंच फुकट आहे.

नियम व अटींमध्ये आहे म्हणे: ‘दरात स्पष्ट चूक असल्यास बुकिंग रद्द करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते.’ स्पष्ट म्हणजे किती स्पष्ट, हे कोण ठरवणार? तेच. सिंगापूरमध्ये 2003 साली एका वेबसाइटवर 3,854 डॉलरचा लेझर प्रिंटर चुकून 66 डॉलरला लागला होता. सहा जणांनी मिळून 1,606 प्रिंटर मागवले, एकमेकांना मेसेज करकरून, मध्यरात्रीनंतर जागून. कंपनीने माल दिला नाही, हे सहा जण कोर्टात गेले आणि हरले, 2005 साली अपिलातही हरले. कारण दर चुकलाय हे त्यांना कळत होतं आणि कळूनच त्यांनी हात मारला. बरोबरच झालं, माझी त्याला हरकत नाही. त्याला म्हणतात स्पष्ट चूक. पण तारकर्लीत 2,900 रुपयांची खोली? ज्या दिवशी मी बुकिंग केलं त्या दिवशी त्याच पानावर वरखाली 2,600, 3,100, 3,400 अशा खोल्या दिसत होत्या. मी कोणाला लुबाडायला रात्री जागले नव्हते. हातात करंजी होती माझ्या.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो ते मी या चार दिवसांत वाचून काढलं, आणि वाचून राग कमी होण्याऐवजी वाढला, कारण कायदा तसा धड आहे. भारतीय करार कायदा, 1872, कलम 22: एका पक्षाची वस्तुस्थितीबद्दल चूक झाली, एवढ्याच कारणावरून करार मोडता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेलं वाक्य! आणि 2020 चे ई-कॉमर्स नियम बघा. ग्राहकाने ऑर्डर रद्द केली म्हणून त्याच्याकडून पैसे कापायचे असतील, तर कंपनीने स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तिनेही तसाच भार सोसला पाहिजे. कारण कोणतंही असो. हे वाचून मी माझं बुकिंग व्हाउचर पुन्हा उघडलं. खाली बारीक अक्षरांत: ग्राहकाने रद्द केल्यास 25 टक्के कपात. 34,800 चे 25 टक्के म्हणजे 8,700. मग माझे 8,700 कुठेत? मी रद्द केलं असतं तर तुम्ही एका क्लिकमध्ये कापले असते ना? रेल्वेचं बघा, लाख शिव्या घालतो आपण तिला, पण थर्ड एसीचं कन्फर्म तिकीट वेळेत रद्द केलं तर माणशी 180 रुपये आणि वर जीएसटी कापणार हे आधी सांगून कापते. 19 दिवसांनी येऊन ‘तुमचा बर्थ चुकून स्वस्तात गेला, उतरा’ असं टीसी म्हणत नाही.

‘पैसे परत दिले की, अजून काय पाहिजे?’ हे माझ्या नवऱ्याचं म्हणणं. दिले नाहीत अजून, ‘7 ते 10 कामाच्या दिवसांत’ देणार आहेत. घेताना मात्र कामाचा दिवस बघितला नव्हता, भाऊबीजेच्या रात्री नऊ वाजता घेतले. आणि प्रश्न तेवढ्याचा नाहीच. त्या 34,800 मध्ये आज मला चार खोल्या मिळतायत का? 7,400 ने हिशेब केला तर 88,800 होतात. मधले 54,000 कोणी द्यायचे, आईच्या पेन्शनमधून काढू?

ओडिशातल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याने 2014 साली एका बड्या शॉपिंग साइटवर 190 रुपयांत लॅपटॉप मागवला होता. मूळ किंमत 23,499. ऑर्डर कन्फर्म झाली, मग दोन तासांत फोन आला की किंमत चुकली, रद्द. पोरगा ग्राहक मंचात गेला आणि लढत राहिला. 2021 मध्ये राज्य आयोगाने नुकसानभरपाई, दंड, खर्च मिळून 45,000 रुपये द्यायला लावले. 190 रुपयांच्या लॅपटॉपवर! मला तर तो सौदा खरंच संशयास्पद वाटला असता. पण आयोगाने विचारलं की आधी जाहिरात करून ऑर्डर घेता आणि मग हात कसे वर करता. सहा वर्षं लागली, ही गोष्ट वेगळी. यांचा सगळा धंदा त्या सहा वर्षांवरच तर चाललाय. कोण जातंय कोर्टात, खोलीच्या भाड्यासाठी?

मी जाणार आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवून झाली. साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल गेलाय. नियमाप्रमाणे 48 तासांत पोच आणि महिनाभरात निवारण करायला हवं. पोच आली, त्यात माझं नाव चुकलंय. जमलं नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. तक्रार आपण राहतो तिथे करता येते, मालवणला किंवा त्यांच्या गुडगावला खेटे घालायला नकोत. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, वकील लागतोच असं नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो, मुदत दोन वर्षं. साइट आणि हॉटेल, दोघांनाही प्रतिपक्ष करणार आहे. काय टोलवायचं ते तिथे एकमेकांत टोलवा.

बरं, रिव्ह्यू लिहून निदान चार लोकांना सावध करावं म्हटलं, तर तेही नाही. ‘मुक्काम पूर्ण केलेले ग्राहकच अभिप्राय देऊ शकतात.’ ज्यांना हाकललं त्यांचं मत मोजायचंच नाही. म्हणून त्या हॉटेलला 4.6 तारे आहेत.

आई रोज फोनवर विचारते, ‘खोल्या समुद्राकडच्याच आहेत ना गं?’ मी हो म्हणते.

काल रात्री साइटचा अजून एक मेल आला. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपल्यासाठी 500 रुपयांचे खास कूपन.’ लावून बघितलं. त्याच तारखा, तीच खोली, 7,400 च्या खाली कूपनचा कोड टाकला. लाल अक्षरांत उत्तर आलं: ‘हे कूपन 20 डिसेंबर ते 5 जानेवारी या कालावधीत लागू नाही.’

त्याचाही स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.