मध गोठला म्हणजे भेसळ, हा मेसेज चुकीचा आहे

"मधाच्या तळाशी साखर जमली तर भेसळ, पाण्यात सरळ तळाला गेला तर शुद्ध" असा मेसेज फिरतोय, मीही तो पुढे पाठवला होता, त्याबद्दल मनापासून सॉरी. मधात पाणी साधारण 17-18 टक्केच असतं, बाकी बहुतेक सगळी साखरच, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, आणि त्यातलं ग्लुकोज हळूहळू वेगळं होऊन त्याचे कण धरतात, थंडीत तर लवकरच. शुद्ध मधातही हे होतं. आणि पाण्याचं म्हणाल तर मी दोन ग्लासात एकीकडे मध, दुसरीकडे साखरेचा घट्ट पाक सोडून बघितला, दोन्ही तसेच तार धरून तळाला गेले! भेसळ नक्की कळते ती लॅबमध्येच.

गोठलेला मध फेकू नका, बाटली कोमट पाण्यात ठेवा, कडेचा मध आधी सुटायला लागतो.

तो मेसेज प्लीज आता पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हे पाठवा. आणि हो, मध कितीही शुद्ध असला तरी वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही चाटवू नका, त्यात बोटुलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, बाळाच्या आतड्यात ते वाढतात.