म्हणे, मूळ पट्टीतच गा!

गॅदरिंगचे दिवस जवळ आले की कॉलेजच्या पोरांच्या ग्रुपवर काय काय फिरतं, तिकडे मी सहसा लक्ष देत नाही. पण ‘संगीत नाटकाच्या ऑडिशनचे सात सुवर्णनियम’ हा मेसेज माझ्या भाचीपर्यंत पोचला. तिने तो इतका मनावर घेतला की रियाजाच्या नावाखाली ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. वर मलाच ऐकवते, “मावशी, काहून चिडतेस एवढी? सगळेच तसं करून राहिले.” सगळेच करून राहिले, हीच तर पंचाईत आहे.

मेसेज थोडक्यात असा: कठीणातलं कठीण पद निवडा. ते मूळ गायकाच्याच पट्टीत (म्हणजे त्याने ‘सा’ धरला त्याच सुरात) गा, पट्टी बदलली की परीक्षक बाद करतात; घसा बसलाच तर लवंग तोंडात धरून सूर ओढा. रेकॉर्डमधली एकही हरकत, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, सोडू नका. फक्त 32 मात्रा (तालाचे ठोके) गा. सगळ्यांना ठाऊक असलेलं पद टाळा. गाताना अभिनय नको. पेटी-तबल्याऐवजी मोबाईलवर ट्रॅक लावा. खाली ‘जाणकारांकडून साभार’. जाणकार कोण, ते अर्थातच गुलदस्त्यात.

पट्टीचं आधी घेते, कारण खरं नुकसान तिथे आहे. अशा निवडींना मी पेटीवर बसते. गाणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो, “पट्टी कोणती?” तो विचारायचाच मुळी यासाठी की पट्टी गाणाऱ्याच्या गळ्याची असते, पदाची नव्हे. पेटीच्या पट्ट्यांच्या नावाने सांगायचं तर पुरुष साधारण काळी एक-दोनच्या आसपास गातात. मुलींचा गळा पांढरी पाच, काळी चार, काळी पाच असा कुठेतरी बसतो. भाचीने एका पुरुष गायकाचं काळी एकमधलं पद उचललं आणि ‘मूळ पट्टी’ सोडायची नाही म्हणून सप्तकभर वर नेलं. मुखडा निभला. अंतऱ्यात तार पंचमावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘प’वर, पोचली तेव्हा गाणं संपून किंचाळणं सुरू झालं होतं. सप्तक खाली घेतलं असतं तर षड्जसुद्धा ऐकू आला नसता. तेच पद तिने पांढरी पाचमध्ये, पुरुषाच्या सप्तकाच्या जरा वर धरलं असतं, तर तार पंचमापर्यंत सहज गेली असती.

आणि मूळ म्हणजे कोणतं हो? ‘मानापमाना’तली भामिनी (1911) आणि ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी (1916) रंगभूमीवर आणली बालगंधर्वांनी. नायिकेची पदं, गाणारा पुरुष. त्यात माईक नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा म्हणून पुष्कळ नट चढ्या पट्टीत गात. ती सक्ती त्या थिएटरची होती. तिचं ओझं आज एकोणीस वर्षांच्या, नुकताच आवाज फुटून स्थिरावलेल्या पोराने का वाहायचं?

त्याहून गंमत ध्वनिमुद्रिकांची. जुन्या तबकड्यांवर ‘78’ (मिनिटाला 78 फेऱ्या) असलं तरी सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणाचा वेग ठरलेला नसे, कुठे कमी कुठे जास्त. मिनिटाला 74 फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी 78 ने वाजवली की सूर पेटीवरच्या जवळजवळ एका पट्टीने चढतो. काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. यूट्यूबवर कोणी कोणत्या वेगाने चढवलंय ते कळायला मार्ग नाही. म्हणजे ज्या ‘मूळ पट्टी’साठी पोरं घसा फाडतायत, ती पट्टी त्या गायकाने कधी धरलीच नसण्याची शक्यता आहे.

लवंगेबद्दल एवढंच: गिळलेलं अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. त्यांना लवंग लागत नाही. बसलेल्या घशाला गप्प बसवा. आवाज आठवडेच्या आठवडे घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, ग्रुपवर विचारत बसू नका.

आता कठीण पद आणि हरकतींची नक्कल. याला उत्तर आपल्याच गावात आहे. दोन गायकांच्या चुरशीचं ‘कट्यार काळजात घुसली’ (1967) हे नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, आणि त्यातल्या एका गायकाची, खाँसाहेबांची, भूमिका करणारे वसंतराव देशपांडे नागपुरातच वाढले. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला वसंतरावांचंच नाव आहे. त्या नाटकात ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन चालींत येतं. दुसऱ्या गायकाची, पंडितजींची, चाल संथ, खाँसाहेबांची द्रुत आणि आक्रमक. शब्द तेच. संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी दोन माणसांचे, दोन घराण्यांचे स्वभाव चालीतून उभे केले. हे ज्याच्या लक्षात आलं तो पद निवडताना आधी विचारेल, गाणारा नाटकात कोण आहे आणि त्याला काय हवंय. ‘अभिनय नको’ हा नियम त्यामुळे आपोआप बाद. संगीत नाटकाच्या निवडीत अभिनय नको, तर शास्त्रीय गायनाच्या स्पर्धेला जा ना!

शिवाय 78 च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. तिच्यात ठासून भरलेल्या ताना म्हणजे त्या पदाचा अंतिम नकाशा नव्हे. वन्समोर घेत तेच पद रंगमंचावर कितीतरी लांबत असे. गळ्याला तान नसेल तर साकी किंवा दिंडी (नाटकातली साध्या चालीची छोटी पद्यं) घ्या. अर्ध्या मिनिटात शब्द स्वच्छ पोचतात आणि संवादातून गाण्यात कसं शिरता तेही दिसतं. मला तर परीक्षकांनी हेच आधी मागावं असं वाटतं.

32 मात्रांचा नियम हा हिशेबाचा घोळ आहे. अमेरिकेत म्युझिकल थिएटरच्या निवडीत 16 किंवा 32 बार (ठोक्यांचे गट) गायला सांगतात. एका बारमध्ये चार ठोके धरले तर 32 बार म्हणजे 128 मात्रा, सोळा मात्रांच्या तीनतालाची आठ आवर्तनं. नुसत्या 32 मात्रा म्हणजे दोनच आवर्तनं. मध्यलयीत बारा-पंधरा सेकंद. मुखडा म्हणून नमस्कार करा आणि घरी या.

ओळखीचं पद टाळा, हे मात्र अर्धं बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करते. एकाच दुपारी तेच पद सहाव्यांदा ऐकलं की पेटीवाल्याचीसुद्धा बोटं कंटाळतात. पण अनोळखी हवं म्हणून न समजलेलं पद उचलू नका. त्यापेक्षा दोन वेगळ्या स्वभावांची पदं तयार ठेवा, एक रुसव्याचं, एक अवखळ.

ट्रॅकचं काय सांगायचं? सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकली तर तबलजी ठेका धरून तुम्हाला उचलून घेतो, मोबाईल पुढे निघून जातो. तेव्हा मोबाईल खिशात ठेवा, पदाचे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून आणा आणि वर कोपऱ्यात तुमची स्वतःची पट्टी लिहा, म्हणजे मला विचारावं लागणार नाही.