‘बटणात ठिणगी पडते, चालतं तेवढं’ म्हणे, पण नाही चालत

सध्या सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, की लाइटचं बटण बंद करताना ठिणगी दिसली तर घाबरू नका, ते नॉर्मल असतं, एमसीबी (मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) असेल तर आग लागूच शकत नाही, आणि फारच वाटलं तर बटणातल्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासा नाहीतर 6 ऐवजी 16 अँपिअरचं बटण टाका. माझ्या आईने हा मेसेज वाचून किचनमधलं करकर करणारं बटण तसंच ठेवलं, म्हणून हे लिहितोय.

‘ठिणगी नॉर्मल असते’ हे अर्धं खरं आहे. बटणातल्या पट्ट्या एकमेकींपासून सुटताना करंट लगेच थांबत नाही, मधल्या हवेतून क्षणभर उडी मारतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो आणि तिथे ती ठिणगी विझते. पंखा किंवा जुन्या चोकची ट्यूब असेल तर कॉइलमुळे ठिणगी थोडी मोठी दिसणार, त्यामुळे रात्री अंधारात बारीक निळसर चमक दिसली आणि आवाज-वास काही नाही, तर खरंच काळजी नको. पण पिवळी मोठी ठिणगी, बटण चालू असतानाच करकर, लाइट लुकलुकणं, प्लेट गरम लागणं, कडेला तपकिरी डाग, जळक्या प्लास्टिकचा वास, यातलं एक जरी असलं तरी ते बटण त्या क्षणापासून वापरायचं नाही.

आता एमसीबी. हा मुद्दा सगळ्यात घातक आहे. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटला पडतो, बटणामागे वायर धरणारा स्क्रू लूज असला तर ते त्याला कळतच नाही. 2000 वॅटचा गिझर साधारण 8.7 अँपिअर घेतो, समजा स्क्रूजवळ लूज जोडामुळे जेमतेम अर्धा ओहम रेझिस्टन्स आला, तर तेवढ्याशा जागेत 38 वॅटच्या आसपास उष्णता तयार होते, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच बोर्डात ठेवल्यासारखं, आणि करंट वाढलेला नसतो, उलट किंचित कमीच झालेला असतो, मग एमसीबी पडेल कशाला? आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) पण नाही पडणार, तो जमिनीत किंवा अंगातून होणारी करंटची गळती पकडतो आणि इथे गळती नाहीये.

पॉलिश पेपरचं तर अजिबात ऐकू नका. पट्टीच्या टोकाला चांदीच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो, तो घासून गेला की पुढच्या ठिणग्या अजून वाईट. साधं बटण शंभरच्या आत मिळतं हो, नवीन टाका.

16 चं बटण? गिझर 6 च्या बटणावर चालत असेल तर बदलायलाच हवं, पण वायरपण त्या लोडची पाहिजे. लाइटच्या पॉइंटला नुसतं मोठं बटण टाकून मागचा स्क्रू लूजच राहिला तर काहीच बदलत नाही. आमच्याकडे नेमकं तेच निघालं, वायरमनने बोर्ड उघडला तर स्क्रूखाली तांब्याच्या दोनच तारा धरलेल्या, बाकीच्या बाहेर आणि इन्सुलेशन काळं पडलेलं. त्याने जळालेला भाग कापला, तारा पिळून दुमडून घट्ट आवळल्या, नवीन बटण टाकलं, करकर संपली. शेजारच्या बटणाला फेजऐवजी (करंट आणणाऱ्या वायरऐवजी) न्यूट्रल (परतीची वायर) जोडलेला सापडला, म्हणजे लाइट बंद असतानाही होल्डरमध्ये करंट होताच, तेही सरळ करून घेतलं.

आणि मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट, बोर्ड उघडायच्या आधी मेन बंद करताच, पण घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावर त्या पॉइंटला इन्व्हर्टरचा करंट येऊ शकतो, तोही बंद करा आणि टेस्टर मेन बंद करायच्या आधीच चालू पॉइंटवर पेटतोय का ते बघून ठेवा, मगच त्या बटणाला लावा. सवय नसेल तर स्क्रूड्रायव्हर हातात घेऊच नका, वायरमनला बोलवा.