गोठ्यातल्या धुरीचा दाखला आणि माणसाचे फुप्फुस

सध्या गुहागर-दापोलीकडच्या वाड्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: व्यसनमुक्तीच्या प्रदर्शनात काळेकुट्ट फुप्फुस दाखवतात ते माणसाचे नसून डुकराचे, तेही रंगवलेले असते, उंदराचे फुप्फुस आपल्यासारखे नसल्यामुळे त्याच्यावरचे प्रयोग फोल आहेत, आपल्या गोठ्यांत पिढ्यान्‌पिढ्या धुरी होते तरी गुरे ठणठणीत असतात आणि चुलीपुढे जन्म काढलेल्या आज्या ऐंशी वर्षे जगल्या, सबब बिडीच्या किंवा चुलीच्या धुराचा बाऊ करू नये.

पहिला मुद्दा बराचसा खरा आहे आणि तो मान्य करायला हरकत नाही. प्रदर्शनांत हवा भरून फुगवून दाखवायची फुप्फुसे अनेकदा डुकराची असतात आणि त्यांतले ‘धूम्रपान करणाऱ्याचे’ म्हणून ठेवलेले रंग देऊन काळे केलेले असते. हे प्रेक्षकांना स्पष्ट न सांगणे ही आयोजकांची चूकच होय, कारण त्यातूनच असले संदेश जन्माला येतात. पण मुळात रोग रंगात नसतो. शहरात राहणाऱ्या, कधीही बिडी न ओढलेल्या माणसाचे फुप्फुसही काजळीच्या कणांनी वयोमानाप्रमाणे काळवंडते. धुराने होणारे खरे नुकसान वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्याशा पिशव्यांच्या, भिंती मोडण्यात असते. माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटींच्या आसपास वायुकोश असतात आणि एकेक कोश मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा असतो. अनेक बारीक कोशांचा मिळून एक मोठा पोकळ फुगा झाला, की प्राणवायू रक्तात उतरण्याची जागाच घटते आणि ती परत येत नाही.

उंदराबद्दलचे विधानही शरीररचनेपुरते बरोबर आहे. उंदराच्या डाव्या फुप्फुसाला एकच खंड असतो, आपल्याला दोन. तो केवळ नाकाने श्वास घेतो, त्यामुळे धुरातले बरेच कण नाकातच अडकतात. आणि जो कर्करोग माणसात कित्येक दशकांनी उघड होतो, त्याची वाट पाहायला उंदराचे दोन-तीन वर्षांचे आयुष्य पुरत नाही. १९५०च्या दशकात तंबाखू कंपन्याही हाच युक्तिवाद करीत होत्या. मात्र धूम्रपानाविरुद्धचा मुख्य पुरावा उंदरांवर उभा नाही. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० साली रुग्णालयांतील फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या आणि न झालेल्या माणसांच्या धूम्रपानाची तुलना प्रसिद्ध केली आणि १९५१पासून ब्रिटिश डॉक्टरांचीच पाहणी सुरू केली. त्यातील ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांवर ५० वर्षे नजर ठेवल्यावर, सिगारेट ओढत राहिलेले सरासरी सुमारे १० वर्षे आधी गेल्याचे दिसले. आपल्याकडच्या बिडीविषयी म्हणाल, तर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी आणि स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी कमी आढळले. यात कुठेही उंदीर नाही.

शिवाय जनावराचे फुप्फुस सर्वस्वी परके असते असेही नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वायुकोश मिटून जाऊ नयेत म्हणून त्याच्या श्वासनलिकेत जे औषध सोडतात, ते बहुतेक वेळा गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातूनच काढलेले असते. तुलना चालते की नाही हे प्रश्न कोणता आहे त्यावर ठरते.

तिसऱ्या मुद्द्याशी मात्र संदेश लिहिणाऱ्याने स्वतःचाच पाय अडकवून घेतला आहे. उंदराचा दाखला अडचणीचा, म्हणून जनावर आणि माणूस वेगळे. गाईचा दाखला सोयीचा, म्हणून ते एकच! बरे, गाईचे फुप्फुस दणकट असते हीदेखील समजूतच आहे, कारण शरीराच्या मानाने ते लहान असते आणि श्वसनाचे आजार गुरांना लवकर गाठतात. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर विषारी धुरके उतरले, तेव्हा तिथल्या स्मिथफील्ड जनावर-प्रदर्शनात आणलेली गुरे पहिल्या एकदोन दिवसांतच धापा टाकू लागली; काही मेली, काहींना मारावे लागले. त्याच धुरक्याने सुमारे ४,००० माणसे दगावल्याचा त्या वेळचा सरकारी अंदाज होता. आपल्या गोठ्यात धाप लागणारा बैल कुणी नांगराला जुंपून ठेवत नाही, त्याला बाजार दाखवतो. मागे उरतात त्या ठणठणीत गुरांचीच मग आपण मोजदाद करतो.

धुरी आणि चूल यांतही फरक आहे. पावसाळ्यात तिन्हीसांजेला डासांसाठी निरगुडीचा पाला आणि शेणी पेटवून केलेली धुरी तासाभरात विरते आणि गोठ्याला बहुधा तीनच भिंती असतात. स्वयंपाकघरातली बाई ओल्या लाकडांशी आणि नारळाच्या न पेटणाऱ्या सोडणांशी सकाळ-संध्याकाळ झगडते, तोंड जाळापासून हातभर अंतरावर. फुंकणीत फुंकर घालायची, तर आधी छातीभर श्वास घ्यावा लागतो, आणि तो तिथल्याच धुरातून घेतलेला असतो.

माझी आजी ऐंशी पार करून गेली, हे खरे. तिने बिडी कधी हातातही धरली नव्हती. शेवटच्या काही वर्षांत ओटीवरून न्हाणीपर्यंत जाताना ती दोनदा खांबाला धरून उभी राहायची, आणि आम्ही घरचे त्याला ‘वयाचा दमा’ म्हणायचो.