जन्मठेपेची सात वर्षं आणि तुरुंगातला 'पाहुणचार'

दर काही महिन्यांनी तो मेसेज फिरून येतो. वर लाल अक्षरांत 'टॅक्स भरणाऱ्यांनो, डोळे उघडा', खाली गजांमागे हसणाऱ्या माणसाचा फोटो, आणि मग दाव्यांची माळ. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, त्यातही दिवस आणि रात्र वेगळे धरतात म्हणून प्रत्यक्षात सातच. कैदी बसून फुकट खातात. घरचा डबा आणि भेटी पाहिजे तेव्हा. मनात आलं की पॅरोलवर घरी. वकील सरकारच्या खर्चाने. अर्धी शिक्षा भरली की आपोआप सुटका. आणि आता तर व्हिडिओ कॉलसुद्धा!

गेल्या आठवड्यात तो आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला. त्या ग्रुपवर माझी आत्याही आहे. तिचा मुलगा 2022 साली साडेआठ महिने कच्चा कैदी, म्हणजे खटला चालू असलेला, शिक्षा न झालेला कैदी म्हणून आत होता, आणि दर आठवड्याला तुरुंगाच्या दारात तिच्याबरोबर मी उभी असायचे. मेसेज वाचून चिडणारा माणूस दोन मिनिटांनी क्रिकेटकडे वळतो. पण ज्यांचं माणूस आत आहे, तेही हाच मेसेज वाचतात आणि त्यावर भरवसा ठेवून पावलं उचलतात. आम्ही उचलली होती.

आधी जन्मठेप. दिवस-रात्र वेगळे मोजण्याचा नियम कुठल्याही कायद्यात नाही, कुठल्याही कारागृह नियमावलीत नाही. चोवीस तासांचा एकच दिवस, तुमच्या-माझ्यासारखाच. चौदाचा आकडा मात्र हवेतून आलेला नाही. 1978 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत 433-अ हे कलम घातलं गेलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येणार नाही, असं ते सांगायचं; 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तीच अट आहे. म्हणजे चौदा हा त्या कैद्यांसाठी खालचा उंबरठा आहे. लोकांनी त्यालाच छत समजून घेतलं. तो ओलांडला की सुटकेचा विचार होऊ शकतो, एवढंच. महाराष्ट्रात गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे श्रेण्या पाडलेल्या आहेत आणि त्यातल्या काही विशीच्या बऱ्याच पुढे जातात. दुसरा आवडता आकडा वीस वर्षांचा. तो जुन्या दंडसंहितेच्या 57 व्या कलमातला, फक्त शिक्षेचा अर्धा, पाव असा हिस्सा काढायला वापरायचा. नेमका हाच युक्तिवाद गोपाळ गोडसे यांनी सर्वोच्च न्यायालयात केला होता: वीस वर्षं धरा, माफीचे दिवस वजा करा आणि मला सोडा. 1961 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. सरकारने शिक्षा कमी केली नाही तर जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. ह्या निकालाला साठ वर्षं उलटून गेली, तरी मेसेज सातवरच अडला आहे.

'बसून फुकट खातात' ह्यातला पहिला घोळ म्हणजे आत कोण आहे हेच लिहिणाऱ्याला माहीत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 अखेरच्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती आणि त्यांतली 4,34,302 न्यायाधीन, म्हणजे खटला चालू असलेली. चारांतल्या तिघांवर अजून गुन्हा शाबितच झालेला नाही. त्यांना कामाची सक्ती करता येत नाही. सक्तमजुरी झालेल्यांना मात्र काम करावंच लागतं: सुतारकाम, विणकाम, शेती, बेकरी. 2023 मध्ये महाराष्ट्राने मजुरी वाढवली, तरी कुशल कारागीरालाही दिवसाचे शंभर रुपये मिळत नाहीत. पाहुणचाराचा आणखी एक नमुना: 2022 पासून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' नावाची योजना आहे. शिक्षा भोगणारा बंदी घरच्या अडचणीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, 50,000 रुपयांपर्यंत कर्ज घेऊ शकतो, 7 टक्के व्याजाने, आणि ते त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून फिटतं.

जेवण सरकार देतं, खरं आहे. पण साबण, तेल, बिस्किटं, फरसाण हे सगळं कँटीनमधून, आणि कँटीनचे पैसे बहुतेक वेळा घरून जातात. आत्या दर महिन्याला मनीऑर्डर करायची. दोन घरची धुणीभांडी त्यासाठी वाढवून घेतली होती तिने. झोपायला जागा किती मिळते, हे विचारायचं असेल तर मुंबईच्या आर्थर रोडचं उदाहरण पुरे. मान्य क्षमता हजाराच्याही आत, आणि गेल्या काही वर्षांत तिथे तीन-तीन हजारांवर माणसं ठेवलेली होती.

आता भेटी. तुरुंगाच्या भाषेत भेटीला 'मुलाखत' म्हणतात. आत्याला पहिल्यांदा वाटलं, आपल्यालाच प्रश्न विचारणार आहेत. रात्रभर तिने मला काय-काय उत्तरं द्यायची ते विचारून घेतलं. कच्च्या कैद्याला साधारणपणे आठवड्यातून एक मुलाखत, शिक्षा झालेल्याला त्याहून कमी. सकाळी साडेसहाला रांगेत उभं राहायचं, आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची, नातं सांगायचं, नंबर येईपर्यंत थांबायचं. बाहेर एक जण पाचशे रुपयांत 'नंबर लवकर लावून देतो' म्हणून फिरायचा. दोनदा दिले. नंबर काही लवकर लागला नाही. मुलाखतीच्या नावनोंदणीला एक पैसाही लागत नाही, हे आम्हाला रांगेतल्याच एका आजींनी सांगितलं. आत गेल्यावर मध्ये काच, दोन्ही बाजूंना फोनचा रिसीव्हर, आणि वीसेक मिनिटं. पहिल्या वेळी आत्या त्यातली निम्मी नुसती रडली. दुसऱ्या वेळी तिने काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं.

घरचा डबा? आमचा डबा पहिल्याच दिवशी दारातून परत आला. टीव्हीवर ज्यांचे डबे आत जाताना दिसतात, त्यांनी बहुधा न्यायालयाकडून तशी परवानगी मिळवलेली असते. तेव्हा लागू असलेला 1894 चा कारागृह कायदा खटला चालू असलेल्या बंद्याला बाहेरून अन्न-कपडे घेण्याची मुभा देत होता खरी, पण तपासणी आणि नियमांच्या अधीन. कपडे घेतले, शेवेचे लाडू घेतले नाहीत. वशिल्याच्या कैद्यांना आत मोबाइल सापडतात, वेगळी वागणूक मिळते, ह्या बातम्या खोट्या नाहीत. त्यांचा राग मलाही येतो. पण तो नियमभंग आहे. मेसेज त्यालाच नियम म्हणून विकतो.

पॅरोलवर थोडक्यात. महाराष्ट्रात दोन वेगळ्या रजा आहेत: संचित रजा, म्हणजे फर्लो, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. पहिली ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर आणि वागणूक पाहून मिळते, आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. दुसरी घरातला मृत्यू, लग्न, गंभीर आजार अशा कारणांसाठी, आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत, पुढे भरून द्यावे लागतात. दोन्हींत अर्ज, पोलिसांचा अहवाल, जामीनदार. कच्च्या कैद्याला ह्यातलं काहीच नाही. माझा आतेभाऊ आत असताना त्याचे आजोबा वारले. त्याला अंत्यदर्शन घडलं नाही.

वकिलाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण तिथे आमचे तीन महिने गेले. मेसेज म्हणतो सरकारच्या खर्चाने वकील, आणि तेवढं खरंच आहे. पण मराठीत 'सरकारी वकील' म्हणजे जो आपल्या माणसाविरुद्ध उभा असतो तो. आत्या मला म्हणाली, "अगं, सरकारी वकील घेऊन आपल्याच पोराला आत टाकायचं का?" मलाही त्यावर उत्तर नव्हतं. आम्ही दागिने मोडून खासगी वकील केला, जो तारखेला यायचा किंवा यायचा नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेचा वकील हा वेगळा माणूस. तो आरोपीच्याच बाजूने लढतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं 12 वं कलम सांगतं की कोठडीत असलेली व्यक्ती मोफत वकिलाला पात्र आहे, आणि तिथे उत्पन्नाची अट नाही. घर पक्कं आहे, बाप नोकरीत आहे, म्हणून मिळणार नाही, हे चूक. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि 15100 हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

'अर्धी शिक्षा भरली की आपोआप सुटका' हा दावा आतल्या माणसाच्या घरी सर्वांत गोड वाटतो, म्हणून त्याची भीतीही जास्त. ही तरतूद कच्च्या कैद्यांसाठी आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं 479 वं कलम सांगतं की त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा अर्धा काळ आत गेला असेल तर जामिनावर सोडावं. पूर्वी कधीच शिक्षा न झालेला असेल तर एक तृतीयांश काळ पुरे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या खटल्यांतल्या बंद्यांनाही लागू केलं. पण फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्यांना हे नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरी नाही. आपोआप तर मुळीच नाही. तुरुंगाच्या अधीक्षकाने न्यायालयाला लेखी कळवायचं असतं. म्हणून मुदत घरच्यांनी मोजावी, वहीत लिहावी आणि वकिलाला आठवण करावी.

जामीन झाला की दार उघडलं, असंही नसतं. आमचा आदेश मंगळवारी झाला आणि पोरगा बाहेर आला पुढच्या सोमवारी. जामीनदार, त्याचे घराचे कागद, पडताळणी, मग आदेश तुरुंगात पोचणं. 2023 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ह्यावर नियम घालून दिले: आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने अधीक्षकाकडे जायची, आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. पैशांअभावी अडकलेल्या गरीब बंद्यांसाठी त्याच वर्षी केंद्राची योजनाही आली, तेव्हाच्या मर्यादेप्रमाणे जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी 25,000 पर्यंत. टॅक्स भरणाऱ्यांनी हे पैसे कुठे जातात ते जरूर विचारावं. माणूस आत ठेवायला किती लागतात, तेही त्याच दमात विचारावं.

राहिला व्हिडिओ कॉल. तो खरा आहे. त्याला ई-मुलाखत म्हणतात आणि राष्ट्रीय कारागृह पोर्टलवर फुकट नोंदणी होते. आत्याला एसटीचे चार तास वाचले, रांग वाचली, एक दिवसाची मजुरी वाचली. नोंदणी करताना बंद्याचं नाव वॉरंटवर आहे तसंच टाका. आम्ही दोन आठवडे घरातलं नाव टाकत होतो आणि अर्ज परत येत होता. तिसऱ्या आठवड्यात कॉल लागला, तेव्हा आत्याने आधी मोबाइल चुलीकडे फिरवला. लाडू दाखवायचे होते तिला.